वेशीबाहेर सोडलेली माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला "विहार आणि समाजप्रबोधन" असा विषय दिला होता. त्या विषयावर दरवर्षी कोणीतरी बोलतेच, आम्हीही दोनदा बोललो आहोत. म्हणून भन्तेजींना विचारून आम्ही यंदा विषय बदलला. ज्यांचे डोके फिरले, घर सुटले आणि जी रस्त्यावर पडून आहेत, अशा माणसांबद्दल आज बोलायचे आहे. आम्ही काही डॉक्टर नाही. नववी नापास माणूस. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर एकतीस वर्षे उभे राहून काढली. जे वाचले ते जेवणाच्या सुट्टीत आणि तिसऱ्या पाळीहून परत येताना बसमध्ये वाचले. बाकीचे डॉक्टर, वकील आणि पोलीस यांच्या मागे फिरून कळले. चुकले तर इथल्या शिकलेल्या मुलांनी उभे राहून दुरुस्त करावे, आम्हाला राग येणार नाही.

सुरुवात आपल्या किल्ल्यापासून करतो. १९३४ साली बाबासाहेब आपल्या कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, तेव्हा वाटेत ते दौलताबादला उतरले. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदात पाणी दिसले म्हणून मंडळींनी हातपाय धुतले, तोंड धुतले. तेवढ्यात माणसे धावून आली. हौद बाटवला म्हणून शिवीगाळ सुरू झाली. आपल्या इथल्या स्थानिक लोकांनाही शिव्या बसल्या, की तुम्ही या बाहेरच्यांना सांगितले का नाही. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये लिहून ठेवले आहे. दौलताबादच्या प्रत्येक बौद्ध घरात ही गोष्ट लेकराला सांगितली जाते. आम्हीही आमच्या पोरांना हौदाची जागा बोट करून दाखवली आहे.

आता दुसरी गोष्ट. ही कुठे लिहिलेली नाही, आणि ही सांगण्यासाठीच आम्ही विषय बदलला.

२०११ सालचा मार्च महिना असेल. विहाराच्या मागे लिंबाखाली एक बाई येऊन बसू लागली. वय पस्तीस ते पन्नास काहीही असेल, कळायला मार्ग नव्हता. केसांच्या जटा झालेल्या. अंगावर एकावर एक तीन-चार कपडे, भर उन्हात. जवळ एक गाठोडे, त्यात रिकाम्या बाटल्या आणि रेग्झीनचे तुकडे. ती कोणाला मारत नव्हती, कोणाचे काही उचलत नव्हती. बोलायची, पण आपल्याशी नाही. आपल्यातल्या काही बायांनी तिला भाकरी दिली, हेही सांगितले पाहिजे. पोरांनी दगड मारले, तेही सांगितले पाहिजे.

तेव्हा विहारासमोर हापसा होता. आता तिथे टाकी आणि नळ आहेत. ती बाई दिवसातून पाच-सहा वेळा हापशावर यायची, हात धुवायची, पुन्हा धुवायची, तोंड लावून पाणी प्यायची. मग तक्रारी सुरू झाल्या. "दादा, तिचं काही तरी करा. ती हापशाला तोंड लावती. लेकरं बिमार पडतील." एकजण म्हणाला, घागर धुवून घ्यावी लागते. दुसरा म्हणाला, जयंती तोंडावर आली, पाहुणे येणार, विहाराच्या दारात हे बरं दिसत नाही.

तेरा एप्रिलच्या रात्री मंडळाची चार पोरे आणि आम्ही, असे पाच जण जमलो. एकाचा छोटा हत्ती होता. तिला वडापाव दिला. ती आपणहून गाडीत चढली, ओढावे लागले नाही. उलट चढताना ती खुशीत होती. गाडी चालू झाल्यावर मागे बसून एकच शब्द म्हणत होती, "ऊरु, ऊरु". आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, पोरे त्या शब्दावर हसत होती. तीस-पस्तीस किलोमीटर लांब एका धाब्याच्या अलीकडे गाडी थांबवली, तिचे गाठोडे खाली ठेवले, ती उतरली, आणि आम्ही गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी आमच्या हस्ते पंचशील ध्वज फडकवला. रांगोळी फार छान काढली होती त्या वर्षी.

पुढे चार-पाच वर्षांनी गिरणीत ब्लो रूममध्ये एक तेलुगू बदली कामगार आला. बोलता बोलता सहज त्याला विचारले, बाबा, ऊरु म्हणजे काय रे. तो म्हणाला, ऊरु म्हणजे गाव.

तिला वाटले होते आपण तिला गावाला नेतो आहोत.

हे आम्ही चौदा वर्षे कोणाला सांगितले नाही. ती चार पोरे आता बापमाणूस झाली आहेत, त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. वयाने मोठे आम्ही होतो, निर्णय आमचा होता. १९३४ साली हौदावर जे झाले ते आपल्याबरोबर झाले, म्हणून आपल्याला पाठ आहे. २०११ साली हापशावर जे झाले ते आपण केले, म्हणून कोणाला आठवत नाही. कोणी म्हणेल, तिथे जातीचा प्रश्न होता, इथे रोगाचा. बरोबर आहे. पण गाडीत मागे बसलेल्या बाईला त्या फरकाचा काय उपयोग होता?

आणि हे फक्त आपण करतो असेही नाही. मोठमोठी शहरे हेच करतात, फक्त छोट्या हत्तीऐवजी सरकारी गाडी असते. २०२३ साली जी-२० चे पाहुणे येणार म्हणून नागपुरात पोलिसांनी चौकाचौकांत भीक मागायला मनाई केली. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा तर १९५९ पासून आहे. त्यात भिकारी कोण, तर उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भटकतो आहे, असा माणूससुद्धा बसतो. म्हणजे डोके फिरलेला माणूस न मागताही भिकारी ठरतो. शहराला तो माणूस दिसतो कधी, तर पाहुणे येतात तेव्हा. एरवी त्याच्यावरून पाय टाकून लोक जातात. आपण शहराच्या वेशीवर राहतो. रेल्वेची लाईन मनमाडपासून नांदेड, सिकंदराबादकडे आपल्या दारावरून जाते. गाडीतून कोणी उतरवले, शहरातून कोणी हाकलले, तर तो आपल्या स्टेशनात, आपल्या किल्ल्याच्या रस्त्यावर दिसतो. शहर आपल्याकडे ढकलते, आपण धाब्याकडे ढकलतो. धाबेवाला पुढे कुठे ढकलत असेल ते त्यालाच माहीत.

२०१८ साली गिरणीच्या कँटीनमध्ये पेपर वाचताना एका डॉक्टरची बातमी दिसली. डॉ. भरत वाटवानी, मुंबईचे. त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघेही मानसोपचार तज्ज्ञ. त्यांनी एकदा रस्त्यावर एक तरुण पाहिला, तो करवंटीने गटारातले पाणी पीत होता. त्याला उचलून दवाखान्यात नेले, औषध दिले. बरा झाल्यावर कळले की तो पदवीधर आहे, आंध्र प्रदेशातल्या चांगल्या घरचा. १९८८ साली त्यांनी "श्रद्धा" नावाची संस्था काढली, पुढे कर्जतला केंद्र केले. रस्त्यावरचा मनोरुग्ण आणायचा, बरा करायचा, त्याच्या तोंडून गाव काढायचे आणि घरी पोचवायचे. हजारो माणसे त्यांनी घरी पोचवली, भारताच्या कानाकोपऱ्यात.

आम्ही पेपर खाली ठेवला. "तोंडून गाव काढायचे" एवढेच डोक्यात बसले. आमच्या गाडीतली बाई तर औषधाशिवायच गाव गाव म्हणत होती.

त्या रविवारी आम्ही त्या धाब्यावर गेलो. सात वर्षांनी. मालक बदललेला. कोणाला काही माहीत नव्हते.

आता रोगाबद्दल थोडे सांगतो, कारण आपल्यात गैरसमज फार. या माणसांपैकी बऱ्याच जणांना स्किझोफ्रेनिया नावाचा आजार असतो. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, पण डॉक्टरही इंग्रजी नावच वापरतात. बहुतेक वेळा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येतात, आणि ते खरेच ऐकू येतात, माणूस नाटक करत नसतो. घरचे विष घालतील, पोलीस मागावर आहेत, अशी भीती बसते. मग माणूस घर सोडतो, गाडीत बसतो. तिकीट नसले की कोणत्या तरी स्टेशनात उतरवतात. भाषा वेगळी, आणि स्वतःचे नाव सांगायचीही भीती. ही झाली सुरुवात. पुढचे महिने-दोन महिन्यांत आपोआप होते, केस वाढतात, जखमेत किडे पडतात, आणि लोक त्याला जन्मापासून तसाच होता असे धरून चालतात. बायांचे तर विचारू नका. रात्री त्यांच्यावर काय गुदरते ते दिवसा पोट दिसायला लागल्यावर गावाला कळते. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, त्या जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे हे "माउली" चालवतात. रस्त्यावरच्या अशाच बाया त्यांच्याकडे राहतात, त्यांची लेकरंही राहतात. ज्यांना परत जायला जागाच नाही त्यांचे ते कायमचे घर आहे.

हा आजार औषधाने आटोक्यात येतो. गोळ्या आहेत, महिन्याला एक घ्यायचे इंजेक्शनही आहे. हात थरथरतात, अंग जड होते, झोप येते, हा औषधाचा त्रास असतो आणि तो डॉक्टरला सांगावा लागतो. पण माणूस ओळखायला येतो. अंगारे-धुपारे, साखळी, दोरखंड याने काही होत नाही. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, अठ्ठावीस जण जळून गेले. साखळीने बांधलेले होते, पळता आले नाही. आपल्यात बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसेही लेकराचे डोके फिरले की चोरून बुवाकडे जातात. जाऊ द्या, त्यावर पुढे कधीतरी बोलू.

२०१९ च्या जानेवारीत आपल्या रेल्वे स्टेशनवर एक माणूस आला. तीस-बत्तीस वर्षांचा, एका पायाला जखम, थंडीत अंगावर पोते. आम्ही ठरवले, याला धाब्यावर सोडायचे नाही. गिरणीत रजा टाकली आणि आमचा पुतण्या व आम्ही त्याला रिक्षात घालून शहरात निघालो. तो दिवस आम्ही सविस्तर सांगतो, कारण शहर कसे चालते ते त्या दिवशी कळले.

आधी एका पोलीस ठाण्यात गेलो. "तक्रार काय? काही गुन्हा केला का याने?" नाही केला. "मग आम्ही काय करू? दवाखान्यात न्या." एका दवाखान्यात नेले. पायाची जखम धुवून पट्टी बांधली, ते चांगले केले. भरती करा म्हटले तर विचारले, "नातेवाईक कोण?" आम्ही म्हणालो, माहीत नाही. "सही कोण करणार? जवळ कोण थांबणार? नाव काय याचं?" आम्ही म्हणालो, तेच तर त्याला सांगता येत नाही, म्हणून आणला. "पोलिसांचं पत्र आणा." पुन्हा ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर. संध्याकाळी सात वाजता एका बेघर निवाऱ्यात गेलो. तिथला माणूस बोलायला गोड होता. म्हणाला, "काका, आधार कार्ड नसलं तरी चालवून घेऊ, पण डोक्याचा पेशंट घेत नाही. बाकीचे झोपू देत नाहीत." म्हणजे बेघरांच्या घरालाही उंबरा होता. रात्री साडेबाराला आम्ही तिघे पुन्हा दौलताबाद स्टेशनवर. रिक्षाचे साडेसातशे रुपये गेले. तो ज्या बाकाखालून उठला होता त्याच बाकाखाली जाऊन बसला.

दिवसभरात त्याला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही, सगळे आपल्या जागी रीतसर बोलले. प्रत्येकाने पुढचे दार दाखवले. नातेवाईक कोण, हा प्रश्न मात्र आम्हाला त्या दिवशी चार ठिकाणी विचारला गेला.

दोन दिवसांनी पुतण्याने ओळखीच्या एका वकील मुलीला फोन लावला. आपल्याच समाजाची, बाबासाहेबांच्या वाटेवर चाललेली. तिने सांगितले की काका, तुम्ही विनवणी करत फिरलात, तिथे कायदा दाखवायचा होता. मग तिने समजावले ते असे.

१९१२ साली इंग्रजांनी वेड्यांचा कायदा केला, तो ऐंशीहून जास्त वर्षे चालला. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याच १९९३ साली शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने गुन्हा केला नाही त्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. म्हणजे तोपर्यंत ठेवत होते! आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १०० आपण सर्वांनी लक्षात ठेवायचे. आपल्या हद्दीत भटकणारा, मानसिक आजार असलेला आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासायला न्यायचे. लॉकअपमध्ये ठेवायचे नाही. माणूस बेघर असेल तर हरवलेला माणूस म्हणून नोंद करायची आणि घरचे लोक शोधायचे, हेसुद्धा ठाण्याचेच काम. कलम १८ म्हणते, गरीब, निराधार, बेघर माणसाला मानसिक उपचार फुकट, दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. गुन्हा काय आणि कार्ड कुठे, हे दोन्ही प्रश्न कायद्याने निकालात काढलेले आहेत.

तिने चार पानांची झेरॉक्स दिली. ती घेऊन आम्ही पुन्हा गेलो. या वेळी एक तरुण फौजदार होता. त्याने खुर्चीत बसवले, पाने वाचली, आणि म्हणाला, "काका, खरं सांगू का, हे आम्हाला कोणी नीट शिकवलंच नाही." त्याने लगेच कागद केले, गाडी दिली, हवालदार दिला. माणूस भरती झाला. आम्ही त्या फौजदाराचे नाव घेत नाही, त्याला आवडणार नाही, पण भले होवो त्याचे.

पाच आठवड्यांनी तो माणूस बोलला. नाव सांगितले, बापाचे नाव सांगितले, गाव सांगितले. नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ. भाऊ घ्यायला आला. चार वर्षे शोधत होते, शोधण्यासाठी बैलजोडी विकली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघे भाऊ एकमेकांकडे बघत उभे राहिले. मिठी वगैरे मारली नाही, सिनेमात मारतात तशी. भावाने फक्त त्याच्या पायाची जखम वाकून पाहिली.

इथे टाळ्या वाजवू नका, गोष्ट पुढे आहे.

गोळ्या दर महिन्याला आणायला भावाला लांब जिल्ह्याच्या गावी जावे लागे. एक दिवसाची मजुरी आणि बसभाडे. तरी त्याने अकरा महिने नेम मोडला नाही. मग मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. बस बंद. जवळच्या दवाखान्यात ती गोळी नव्हती. जून महिन्यात भावाचा फोन आला, "दादा, तो परत निघून गेला." आजपर्यंत सापडला नाही.

रिंग फ्रेमवर काम केलेल्यांना माहीत आहे, धागा तुटतो तो सांधावा लागतो, आणि एकदा सांधला म्हणून पाळी संपत नाही. माणूस पूर्ण पाळीभर साच्यांच्या मधून चालत राहतो. सरकारने दवाखाना बांधला, कायदा केला, पण असा चालत राहणारा माणूस कुठेच नेमला नाही. महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी मराठवाड्यात एकही नाही. आपल्या घाटीत मानसोपचार विभाग आहे, तो आहे म्हणून बरे. पण घाटीतून बाहेर पडलेल्या बेघर माणसाने जायचे कुठे? फूटपाथवर गोळी कशी टिकेल? पाऊस आला तर ती आधी भिजते. बेघर निवारे एक लाख वस्तीला एक, असा हिशोब ठरलेला आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. किती हवेत ते इथल्या पाचवीच्या मुलानेही सांगावे. आणि त्या निवाऱ्यांत डोक्याच्या पेशंटला दार बंद असेल तर आकडा पुरा होऊनही काय उपयोग?

जे आत आहेत त्यांचे उलटे हाल. बरे झाले तरी घरचे नेत नाहीत, आणि बाहेर त्यांच्यासाठी घर नाही. अशा बऱ्या झालेल्या माणसांना आपल्या महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जात होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवले आणि हे थांबवा म्हणून सांगितले. कायदा म्हणतो, त्यांना समाजात राहण्याचा हक्क आहे. समाज म्हणजे कोण, तर आपणच, हे हापशावाले.

आपल्या किल्ल्यावर गाईड लोक पर्यटकांना लहरी महंमदाची गोष्ट सांगतात. १३२७ साली तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली, लोकांना चालवत आणले, आणि पुढे परत नेले. लोक हसतात. तख्तावर होता म्हणून "लहरी" म्हणतात, रस्त्यावर असता तर पोरांनी दगड मारले असते. असो.

आता विहारात उभे आहोत म्हणून पटाचाराची गोष्ट. महिलांना माहीत आहे, पण ती आपण वेगळ्या कानाने ऐकतो असे आम्हाला वाटते. श्रावस्तीच्या सावकाराची मुलगी. नवरा साप चावून गेला, एक लेकरू नदीत गेले, एक ससाण्याने उचलले, माहेरी आली तर रात्रीच्या पावसात घर कोसळून आईबाप, भाऊ गेलेले. तिचे भान सुटले. अंगावरचे वस्त्र गळाले तरी कळले नाही. श्रावस्ती हे त्या काळचे मोठे शहर. शहराने काय केले? वेडी वेडी म्हणत कचरा फेकला, ढेकळे मारली. ती जेतवनाच्या दिशेने आली तेव्हा तिथे बसलेले उपासकही म्हणाले, हिला आत येऊ देऊ नका. उपासक, म्हणजे आपल्यासारखेच. तथागतांनी सांगितले, अडवू नका. तिला बहीण म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. नातेवाईक कोण, हे तिथे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी एकही शिल्लक नव्हता. पुढे हीच पटाचारा भिक्खुणी संघात विनयाची सर्वांत मोठी जाणकार झाली.

आणि विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याचे चित्त फिरलेले होते. उपोसथाला कधी यायचा, कधी विसरायचा. संघाने त्याला काढून टाकले नाही. रीतसर ठराव केला की हा आला तरी, न आला तरी संघाचे काम पूर्ण धरावे. आम्ही युनियनमध्ये पुष्कळ ठराव लिहिले, पण असा ठराव आम्हाला कधी सुचला नाही. आमच्या खात्यातला एक बदली कामगार असाच फिरल्यासारखा करू लागला तेव्हा गैरहजेरीवर त्याचे नाव कटले आणि युनियनने हूं की चूं केले नाही.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की उपदेशाने स्किझोफ्रेनिया बरा होतो. औषध लागतेच. पण औषधापर्यंत नेणारा माणूसही लागतो.

तर आता कामाचे. गेल्या दिवाळीपासून किल्ल्याच्या रस्त्याला, सीताफळवाल्या बाया बसतात तिथे, एक माणूस राहतो आहे. तुम्ही सर्वांनी पाहिला आहे, खोटे बोलू नका. हिरवे स्वेटर, दाढी. त्या बाया त्याला रोज फळ देतात, चहा देतात, तेवढे तरी त्याला माणसाने धरून ठेवले आहे. आम्ही पंधरा दिवसांपासून रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसतो. आधी तो उठून जायचा. आता बसून राहतो. परवा त्याने आमच्या हातचा बिस्किटाचा पुडा घेतला. भाषा आम्हाला कळत नाही, हिंदीसारखी वाटते पण हिंदी नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता आम्ही अर्ज घेऊन ठाण्यात जाणार आहोत. कलम १०० ची झेरॉक्स तयार आहे. दवाखान्यात भरती झाल्यावर त्याच्याजवळ पाळीपाळीने कोणीतरी थांबावे लागेल, निदान पहिले आठ दिवस. आमचा पुतण्या रात्रीची पाळी करतो म्हणाला आहे. दिवसासाठी दोन माणसे हवीत, त्यातला एक बिहार-झारखंडकडच्या कारागिरांत ऊठबस असलेला असला तर बरे, बोली ओळखायला उपयोग होईल. बरा होऊन निघाल्यावर गोळ्या कोण आणणार, त्याचाही विचार आतापासून करायचा आहे. त्याच्या गावाजवळ गोळी कुठे मिळते ते आधी विचारून मगच त्याला सोडायचे, मागच्या वेळी आम्ही ते विचारले नाही. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारचा १४४१६ हा नंबर आहे, टेलिमानस म्हणतात, रात्रीही लागतो. घरात कोणाला झोप नाही, कोणाला आवाज येतात, तर तेही लपवू नका, त्याच नंबरवर बोला.

आणि तोपर्यंत तो नळावर आला तर त्याला पाणी पिऊ द्यावे. तोंड लावून प्याला तर नळ मग धुवावा.

खीरदान झाल्यावर आम्ही विहाराच्या पायरीवर वही घेऊन बसणार आहोत. नावे तिथे द्यावीत. जयभीम.